बेणे आणि उसाच्या शेंड्याचे टोक

डिप्लोमाला असताना कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पेशी विभागताना पाहिल्या. उसाला याचा काय उपयोग, असे तेव्हा वाटले होते!

उसाच्या शेंड्याच्या अगदी टोकाशी पेशी सारख्या एकीच्या दोन होत असतात. अन्नरस वाहणाऱ्या नळ्या तिथवर पोचलेल्या नसतात. म्हणून मोझॅक, गवताळ वाढ यांचे जंतू सहसा तिथे नसतात. मिलिमीटरहून लहान तेवढा कण प्रयोगशाळेत वाढवून निरोगी रोपे करतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये हे काम चालते.

रोप महाग पडते, कबूल. पण रोगट खोडव्याचेच बेणे लावले, तर रोग टिपरीतून नव्या लावणीत जातो. आडसालीचे बेणे ठरवण्याआधी प्लॉटात पांढरट, गवतासारखी बेटे आहेत का, तेवढे पाहा.