हाताला येतं, तोंडाला येत नाही

लहान विमानात शिकणारा डावीकडे बसतो. डावा हात सुकाणूवर, उजवा थ्रॉटलवर. अमेरिकेत असे २५० तास भरले आणि परीक्षा पार पडल्या, की व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. पुढे प्रशिक्षक व्हायचं म्हटलं, की त्याच माणसाला उजवीकडे बसवतात आणि गंमत सुरू होते. हातांची कामं उलटी होतात. वेग-उंचीची घड्याळं आता शेजाऱ्यापुढे असतात, ती तिरकी वाचावी लागतात. काल धावपट्टीच्या मधल्या रेषेवर अलगद उतरणारा आज बाजूला टेकतो, आणि आपण रेषेवरच आहोत असं त्याला खुशाल वाटत असतं.

याची सवय होते. अवघड आहे ते हे सगळं करताना बोलत राहणं. सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तोल कसा सांभाळतोस? तो हसेल. हाताला कळलेलं तोंडाला ठाऊकच नसतं. ते तोंडापर्यंत आणायचं, हेच प्रशिक्षकाचं शिक्षण.

आणि ते एक-दोन आठवड्यांत उरकणारे झटपट कोर्स अमेरिकेत आहेत! घाई कसली? फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळून ५० माणसं गेली. त्यानंतर झालेल्या कायद्यामुळे २०१३ पासून प्रवासी विमानाच्या सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांचा अनुभव लागतो. २५० ते १५०० ही दरी स्वतःच्या खिशातून कोण भरणार? शिकवतानाचे तास मोजले जातात, वर पगारही मिळतो. म्हणून नुकता शिकलेलाच शिकवायला धावतो. नियमही फारसा आड येत नाही. शाळेच्या ठरीव अभ्यासक्रमाबाहेरून येणाऱ्यानं प्रशिक्षक होण्यासाठी किती तास शिकायचं, याचा आकडाच नाही. तयारी झाली असं जाणत्या प्रशिक्षकानं लिहून द्यायचं.

दोन लेखी परीक्षांपैकी एक तर विमानाची नाहीच, शिकवण्याच्या शास्त्राची आहे. एडवर्ड थॉर्नडाइक हा मानसशास्त्रज्ञ मांजरांना पेटीत कोंडून ती बाहेर पडायला कशी शिकतात ते बघत बसायचा. त्याचे नियम, आणि पुढे त्यांत पडलेली भर, आज वैमानिक पाठ करतात. सरावानं विद्या टिकते, पहिल्यांदा शिकलेलं घट्ट बसतं, वगैरे. सरावाचा नियम दोन रात्रींत घोकायचा, यातला विनोद परीक्षकांनाही दिसत असावा.

मग येते गिरकी, म्हणजे स्पिन. दोन्ही पंखांची हवेवरची पकड सुटते, पण एकाची जास्त, आणि विमान नाक खाली घालून गरगरत उतरू लागतं. सेस्ना १७२ मध्ये एका फेऱ्याला तीनेक सेकंद लागतात आणि सुमारे ५०० फूट उंची जाते. अमेरिकेत खासगी वैमानिकाला १९४९ पासून याचं प्रशिक्षण सक्तीचं नाही. प्रशिक्षकाची मात्र सुटका नाही. १९१२ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या विल्फ्रेड पार्कला असंच विमान घेऊन खाली आलं. बाकीचे उपाय हरल्यावर त्यानं गिरकीच्या उलट दिशेला रडर दाबला आणि जमीन तोंडाशी आली असताना विमान सावरलं. १९१७ मध्ये गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरीनं गिरकी आणि तिच्यातून सुटका मुद्दाम शिकवायला घेतली. दोन खुर्च्यांमधून जाणारी बोलण्याची नळी त्याच्याच शाळेमुळे रुळली. पुढे तिला गॉस्पोर्ट नळीच म्हणू लागले. माणूस उडायला लागून तेव्हा चौदा वर्षं झाली होती. शिक्षकाचा आवाज शिकाऊच्या कानापर्यंत नीट पोचायला एवढा वेळ लागला.

म्हणून असा कोर्स निवडताना दिवसांचा आकडा बघू नका. लेखी परीक्षा आणि उजव्या खुर्चीची सवय आधीच उरकून जा, म्हणजे तिथले दिवस बोलण्याला उरतील. तयार पाठटाचणांची जाड फाइल हाती देणाऱ्यांपासून मी तरी सावध राहीन. तोंडी परीक्षा पाच-सहा तासही चालू शकते. परीक्षक कोऱ्या पाटीच्या शिकाऊचं सोंग घेऊन ‘असं का?’ विचारत राहतो, आणि ते उत्तर दुसऱ्याच्या टाचणात सापडत नाही. पैसे भरण्यापूर्वी एवढंच विचारा: रोज किती तास मी फळ्यापुढे उभं राहून बोलणार, आणि चुकलो तर मला मध्येच कोण थांबवणार?