आपला कर आणि मोखाड्याचा वाटा



मुलुंडमधील एका मंडळीच्या तरुण संघात मी आपल्या पाड्यांवरील कामाची माहिती देत होते. सभा संपल्यावर एक भाऊ म्हणाले, "ताई, कर भरतो आम्ही मुंबईकर. खड्डेही आमच्याच रस्त्यांना. मग आमचा पैसा बाहेर का जातो?" मी घाईत काहीतरी उत्तर दिले, पण घरी येताना ते मलाच अपुरे वाटले. म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहिते.

आधी एक साधी गोष्ट. कर जिथे भरला जातो, तिथेच तो कमावला जातो असे नाही. अंधेरीत मुख्य कार्यालय असलेली कंपनी आयकर इथे भरते, पण तिचा माल गावोगावी विकला जातो. आपल्या नळाचेही तसेच आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी एवढेच उपनगरात आहेत. तानसा, भातसा, मोडकसागर यांसह बाकीचे पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत आहेत. तानसाचे मोठे नळ मुलुंड-घाटकोपरमधून जातात, आणि त्याच शहापूर-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा मोखाड्याला जे जाते ते दान नव्हे. ते त्याच्या वाट्याचे आहे.

हा वाटा ठरतो कसा? पहिली पायरी दिल्लीत आहे. राज्यघटनेच्या कलम २८० प्रमाणे वित्त आयोग नेमला जातो. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्राच्या वाटपयोग्य करांतील ४१ टक्के रक्कम राज्यांना दिली. उपकर आणि अधिभार यांत राज्यांना वाटा नसतो. राज्याराज्यांत वाटणी करताना त्या आयोगाने सर्वांत जास्त वजन, ४५ टक्के, एका कसोटीला दिले होते: राज्याचे दरडोई उत्पन्न श्रीमंत राज्यापेक्षा किती कमी आहे. शिवाय लोकसंख्या, क्षेत्रफळ, जंगल यांचाही विचार होतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी आणि बिहारची १०.४१ कोटी होती. तरी त्या काळात वाटा महाराष्ट्राला ६.३१७ टक्के आणि बिहारला १०.०५८ टक्के होता. ज्याची गरज मोठी, त्याला जास्त. तत्त्व योग्य आहे.

पण इथे एक गोम आहे. हा हिशेब राज्याच्या सरासरीवर होतो. मुंबई-पुण्याच्या कमाईने महाराष्ट्राची सरासरी वर जाते आणि तिच्या आड मोखाडा दिसेनासा होतो. शेजारी श्रीमंत आहे म्हणून गरिबाचा वाटा कमी होतो. ही उणीव भरून काढणे हे मग राज्याचे कर्तव्य ठरते.

ही दुसरी पायरी. १९८३ साली राज्याने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे हे तिने मोजले आणि १९८४ मध्ये ३,१८६ कोटींहून अधिक अनुशेष दाखवला. काम मोलाचे होते, पण माप जिल्ह्याचे होते. जव्हार-मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आणि ठाणे-कल्याणच्या कारखान्यांबरोबर त्यांचीही सरासरी निघे. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. डॉ. विजय केळकर समितीने पुढे जिल्ह्याऐवजी तालुका हे माप धरावे असे सुचवले, ते यासाठीच.

आदिवासींसाठी आणखी एक वाट सुकथनकर समितीने दाखवली. पूर्वी प्रत्येक खाते आपल्या योजनांतून आदिवासींसाठी थोडे बाजूला काढीत असे. समितीच्या शिफारशीनंतर १९९३-९४ पासून राज्य योजनेचा ९ टक्के हिस्सा आधीच वेगळा काढून आदिवासी विकास खात्याच्या हाती देण्याचे ठरले. राज्यात आदिवासींची लोकसंख्या ९.३५ टक्के आहे, त्यावरून हे प्रमाण समजेल. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळतो. तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. म्हणजे पैसा मागणाऱ्याला ठरवण्याचाही हक्क मिळाला.

आता आपल्या दारात येऊ. आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाडे अनुसूचित क्षेत्रात नाहीत. तिथे पेसा नाही, ग्रामसभा नाही, तो ५ टक्के निधीही नाही. उपयोजनेबाहेरील क्षेत्रासाठी जिल्हा नियोजनात वेगळी तरतूद असते, पण ती मागावी लागते. आरेतील एक वारली आजी मला म्हणाली, "बाई, मुंबईवाले आम्हाला जंगलातले म्हणतात नि सरकार मुंबईतले म्हणते." सरासरीत हरवणे म्हणजे काय, हे मला तिने एका वाक्यात शिकवले. मोखाडा महाराष्ट्रात हरवतो, तसा तिचा पाडा अंधेरी-गोरेगावच्या इमारतींत हरवतो.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आठवा. रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होत होते. त्यांनी किती वर्गणी दिली, असे प्रेषितांनी विचारले नाही. त्यांनी चांगल्या साक्षीची सात माणसे नेमली आणि वाटप नीट करवले. वाटणी प्रेमाने तर व्हावीच, पण हिशेबानेही व्हावी.

म्हणून माझी दोन कामांची विनंती. आपल्या मंडळीजवळच्या पाड्यातील कुटुंबांसोबत एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात जा आणि यंदाची तरतूद किती, खर्च किती हे लेखी विचारा. हे दोन आकडे वेगवेगळे असू शकतात. आणि उन्हाळी शिबिरासाठी मोखाड्याला याल तेव्हा कपडे-खाऊ जरूर आणा, पण एखाद्या ग्रामसभेतही बसा. तिथे निधीचा हिशेब वाचला जातो का, ते ऐका.

मुलुंडच्या त्या भावाला मी हा अंक स्वतः नेऊन देणार आहे. खड्ड्यांबद्दलची त्यांची तक्रार खरी आहे, तीही त्यांनी जरूर करावी. फक्त तिचे बिल मोखाड्याच्या नावावर फाडू नये.

ख्रिस्ताच्या सेवेत,
आपली बहीण