हवेने निवणारे इंजिन आणि पाण्याने निवणारे

म्हैसूरच्या विजयनगर भागातून एखादे कुटुंब जुन्या व्हॅनमधून उटीस निघाले, तर बंदीपूरच्या जंगलापर्यंतचा रस्ता इंजिनास फारसा जाचत नाही. खरी परीक्षा गुडलूरच्या पुढील घाटात होते. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंच, तर उटी सुमारे २,२४० मीटर. या चढणीत गाडीचा वेग घटतो आणि इंजिनातील उष्णता मात्र वाढत जाते.

ही उष्णता अखेर हवेलाच द्यावयाची असते. पाणी हा केवळ मधला हमाल. परंतु मोठा दमदार. तेवढ्याच वजनाच्या हवेच्या चौपट उष्णता तो उचलतो आणि रेडिएटरपाशी नेऊन उतरवतो.

म्हैसुरातच १९९६ पर्यंत तयार होणाऱ्या जावा-येझदी मोटारसायकली धावताना लागणाऱ्या वाऱ्यावरच निवत. व्हॅनचे इंजिन पडद्याआड असल्याने तेथे हे साधत नाही. म्हणून १९५० पासून निघालेल्या फोक्सवागन व्हॅनमध्ये, मागील इंजिनावर, पट्ट्याने फिरणारा मोठा पंखा असे. असे इंजिन घाटात तापणारच, ही समजूत बरोबर नाही. पंखा इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर फिरतो, गाडीच्या वेगाबरोबर नव्हे. चालकाने वेळीच खालचा गिअर टाकला की वारा पुरेसा मिळतो; वरच्या गिअरमध्ये गाडी कुंथत नेली की इंजिन तापलेच म्हणून समजावे. पट्टा तुटला तर मात्र धोका तात्काळ असतो. पंखा डायनॅमोच्याच दांड्यावर असल्याने समोरचा लाल दिवा लागतो. तो दिसताच गाडी थांबवावी.

पुण्याजवळ आकुर्डीस बनलेली मॅटाडोर पाण्याने निवणारी. तिचे इंजिन सर्व बाजूंनी सारखे निवते. पण पंप, रबरी नळ्या, रेडिएटर असा संसार सांभाळावा लागतो. त्यातही एक क्षुल्लक वस्तू फार महत्त्वाची: रेडिएटरचे झाकण. उटीच्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ९२-९३ अंशांवरच उकळते. झाकण आत दाब धरून ठेवते, म्हणून ते त्याहून बरेच तापले तरी उकळत नाही. झाकणाचे रबर झिजले की हा दाब टिकत नाही आणि ऐन वळणावर वाफ उसळते. अशा वेळी झाकणास हात लावू नये; दाब सुटताच उकळते पाणी अंगावर येते. इंजिन बंद करून अर्धापाऊण तास थांबावे, आणि रेडिएटर हाताला सोसेल इतका निवल्यावरच जाड फडके धरून झाकण सावकाश फिरवावे.