जुनी ओळ पुसायची नाही

मंडळी, रीडिंगमध्ये ‘ओरॅकलला चाललेय’ असं कुणी म्हटलं, तर समोरचा विचारतो, खरेदीला की कामाला? एक ओरॅकल गावात केनेट नदीच्या काठी आहे, १९९९ साली उघडलेलं शॉपिंग सेंटर. जॉन केंड्रिक नावाच्या कापड व्यापाऱ्यानं मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून सतराव्या शतकात गरिबांना काम देणारी एक इमारत इथे उभी राहिली होती, तिचंच नाव या सेंटरला मिळालं. दुसरं ओरॅकल थेम्स व्हॅली पार्कमधलं, सॉफ्टवेअरवालं. पहिल्या ओरॅकलची मी नेहमीची गिऱ्हाईक. दुसऱ्या जगाशी माझा संबंध आला तो नवऱ्यामुळे.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी शाळेत मराठी शिकवत होते. इथे आल्यापासून घर सांभाळते. नवरा कंपन्यांना एचआरचं सॉफ्टवेअर लावून देतो आणि आठवड्यातले तीन दिवस ते काम आमच्या जेवणाच्या टेबलावरून चालतं. मागच्या हिवाळ्यात तो एका मोठ्या गिऱ्हाईकासाठी ‘पर्सनल डेटा टेबल्स’ तयार करत होता. तीन दिवस झाले तरी स्क्रीनवर एकाही माणसाचं नाव दिसेना. मी पोळ्या लाटता लाटता विचारलं, “अरे, कर्मचाऱ्यांची माहिती भरतोयस ना? मग माणसं कुठायत?”

“माणसं नंतर,” तो म्हणाला. “आधी टेबलं.”

मला ते लगेच पटलं. शाळेत जूनमध्ये मुलं वर्गात येण्याआधी हजेरीपत्रक आखावं लागतं, तसंच हे. एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये माणसाच्या नावाचा रकाना भरण्याआधी त्या रकान्यात काय काय बसू शकतं, याच्या याद्या कराव्या लागतात. नावाआधी काय लावायचं त्याची एक यादी: मिस्टर, मिसेस, मिस, मिझ, डॉक्टर. नावांच्या प्रकारांची दुसरी: कायदेशीर नाव, हाक मारायचं नाव, पूर्वीचं नाव. पत्त्यांच्या प्रकारांची तिसरी. वैवाहिक स्थितीची, वांशिक गटांची, आणीबाणीत कळवायच्या नातेवाइकांची. शिवाय प्रत्येक देशाच्या ओळखक्रमांकाचा साचा वेगळा. इथला नॅशनल इन्शुरन्स नंबर म्हणजे आधी दोन अक्षरं, मग सहा आकडे, शेवटी एक अक्षर. आपला पॅन पाच अक्षरं, चार आकडे आणि एक अक्षर. आधार बारा आकडी. पत्त्यात इथे ‘आरजी’नं सुरू होणारा पोस्टकोड, तिकडे सहा आकडी पिनकोड. (तो पिनकोड १९७२ मध्ये ज्यांनी आखून दिला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी.)

या याद्या एकदा ठरल्या की पुढे हजारो माणसं त्यांतूनच निवड करतात. जे यादीत नाही, ते तुम्ही असूच शकत नाही. म्हणून मी तीन दिवस त्याच्या खांद्यावरून डोकावत राहिले आणि मला माझं नाव सापडलं. त्याच्या स्वतःच्या कंपनीच्या नोंदीत, त्याच्या नावाखाली, ‘डिपेंडंट’ या टेबलात. नाते: पत्नी. आणीबाणीत फोन करायची व्यक्ती: तीच.

यात कुणाची चूक नाही. व्हिसावर येतानाही मी ‘डिपेंडंट’च होते. पण एके काळी माझीही स्वतंत्र ओळ होती. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना ‘शालार्थ’ म्हणजे काय ते सांगायला नको. त्या प्रणालीत नाव आणि क्रमांक आल्याशिवाय पगार निघत नाही. माणूस क्रमांकानं ओळखला जाणं तसं रीडिंगलाही नवं नाही. आपल्या गावातल्या त्या लाल विटांच्या बंद तुरुंगात ऑस्कर वाइल्ड १८९५ ते १८९७ कैदेत होता, तेव्हा त्याची ओळख फक्त ‘सी.३.३.’ एवढीच होती, म्हणजे कोठडीचा नंबर. सुटल्यावर या तुरुंगावर लिहिलेली कविता १८९८ मध्ये छापली गेली, तीही सुरुवातीला त्याच नंबरानं.

तर, आपली स्वतंत्र ओळ पुन्हा मिळवावी म्हणून मी जवळच्या एका शाळेत टीचिंग असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखत छान झाली. मग सुरू झाली कागदपत्रं.

इथे मुलांसोबत काम करायचं तर डीबीएस तपासणी होते. तिच्यासाठी गेल्या पाच वर्षांचे सगळे पत्ते आणि जन्मापासूनची सगळी नावं द्यावी लागतात. पत्ते सोपे होते. नावांनी घोळ घातला. माझी बी.ए.ची पदवी माहेरच्या नावानं आहे: माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. एम.ए. लग्नानंतरचं: माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. पासपोर्टात दोनच रकाने, ‘गिव्हन नेम’ आणि ‘सरनेम’, म्हणून तिथे माझं आणि नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात शेजारी शेजारी. ते तसंच्या तसं उचलल्यामुळे शाळेच्या संगणकात माझं ‘फर्स्ट नेम’ दोघांचं मिळून झालं.

माझी नावं भरणाऱ्या बाई अगदी प्रेमळ. त्यांनी विचारलं, “लग्नाआधीचं आडनाव काय?” मी सांगितलं. त्यांनी ते ‘पूर्वीचं आडनाव’ या रकान्यात भरलं. पण पदवीवर मधलं नावही वेगळं! आडनाव बदललेलं त्यांना समजत होतं. लग्नानंतर मधलं नावही बदलतं, आधी वडिलांचं असतं ते नवऱ्याचं होतं, हे त्यांच्या डोक्यातच येईना. आणि त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पूर्वीचं मधलं नाव’ असा रकानाच नव्हता. संगणकाच्या दृष्टीनं बी.ए. झालेली एक बाई आणि एम.ए. झालेली दुसरीच. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, त्याचं भाषांतर, शाळा सोडल्याचा दाखला, असं करत करत पाच आठवडे गेले. तोपर्यंत ती जागा भरली गेली होती.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? त्या रात्री मी नवऱ्यावर उगीचच चिडले. “तुमच्या या टेबलांत बायकांना जागाच नाही.”

त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “जागा आहे. ती करून ठेवायला लागते.” आणि मग त्यानं मला जे दाखवलं, त्यासाठीच मी हा लेख लिहायला बसले.

तो ज्यावर काम करतो ते पीपलसॉफ्ट १९८७ साली अमेरिकेत सुरू झालं आणि २००५ मध्ये ओरॅकलकडे गेलं. त्यात नावाचा नुसता रकाना नसतो. प्रत्येक नावाला एक प्रकार असतो आणि प्रत्येक नोंदीला एक तारीख, ‘इफेक्टिव्ह डेट’, म्हणजे ही नोंद कधीपासून लागू. नाव बदललं की जुन्या नावावर नवं लिहायचं नाही. नव्या तारखेची नवी ओळ जोडायची. जुनी ओळ इतिहास म्हणून तशीच राहते. पुढच्या महिन्यात होणारा बदलही आजच भरून ठेवता येतो. म्हणजे एका माणसाच्या भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांच्या ओळी एकत्र नांदतात. आणि जुन्या ओळीतली चूक दुरुस्त करायची असेल तर त्यासाठी ‘करेक्ट हिस्टरी’ नावाचा वेगळा अधिकार लागतो, तो मोजक्या लोकांनाच दिलेला असतो.

“अरे, हे तर आमचं जनरल रजिस्टर!” मी म्हणाले. शाळेत काम केलेल्या कुणालाही हे पटेल. जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही. मुलाचं नाव किंवा जन्मतारीख बदलायची तर वरून मंजुरी हवी, बदलाशेजारी आदेशाची नोंद आणि मुख्याध्यापकांची सही हवी. जुनं काय होतं ते वाचता आलं पाहिजे. सेवापुस्तिकेचंही तसंच.

म्हणजे कागदाच्या काळापासून सरकारी कारकुनाला जे कळत होतं, ते सॉफ्टवेअरलाही कळतं. मग कुणाला कळत नाही? हा विचार करता करता मला आजी आठवली.

आपल्याकडे लग्नात सोन्याच्या अंगठीनं ताटातल्या तांदळात वधूचं नवं नाव लिहायची पद्धत होती, काही घरांत अजूनही आहे. माझ्या आजीचं असं आडनाव, मधलं नाव आणि पहिलं नाव, तिन्ही एका दुपारी बदललं. नवी ओळ जोडली गेली नाही. होती तीच ओळ पुसून तिच्यावर लिहिलं गेलं, तेही तांदळात. माझ्या वडिलांनाही तिचं माहेरचं नाव नीट ठाऊक नव्हतं. मी एम.ए.ला स्त्रियांच्या आत्मचरित्रांवर पानंच्या पानं लिहिली आणि स्वतःच्या आजीचं पहिलं नाव मला माहीत नव्हतं!

रविवारी मी फोन केला. “आजी, तुझं माहेरचं नाव काय गं?” तिनं ते लगेच सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. चौथीपर्यंत शाळेत होती, गुरुजी हजेरीला ते नाव कसं ओढून घ्यायचे तेही सांगितलं. “मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?” तर म्हणाली, “कुणी विचारलंच नाही. आणि आता कशाला हवंय तुला?” मी म्हटलं, “लिहून ठेवायला.” ते नाव मी इथे छापत नाही. आमच्या घरातल्या सगळ्यांना ते आता माहीत आहे, एवढं पुरे.

बदल होत नाहीत असं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ पासून विवाहाच्या नोंदीत वधू-वरांच्या फक्त वडिलांचं नाव लिहीत. ४ मे २०२१ पासून आईचंही लिहितात. म्हणजे इथल्या बायकांनाही १८४ वर्षं थांबावं लागलं. महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असेल. चांगलीच गोष्ट आहे. पण आपल्यातल्या ज्यांची बाळं तिकडे जन्मली आणि इथल्या शाळेत जातील, त्यांनी आतापासून लक्षात ठेवावं: चार शब्दांचं नाव इथल्या तीन रकान्यांत भरताना मधल्या रकान्यात दोन नावं येतील. कुठल्या कागदावर कसं लिहिलं, ते पहिल्या दिवसापासून एकसारखं ठेवा.

माझ्या पाच आठवड्यांतून हाती लागलेलं आणखी थोडं सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर बरं.

घरातल्या प्रत्येकाच्या नावांचा एक तक्ता करा. पूर्ण नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्याचा पुरावा कोणता: दाखला, पदवी, विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद, पासपोर्ट. अर्ज करतानाच तो तक्ता सोबत जोडा आणि एका ओळीत स्पष्ट लिहा की मराठी रिवाजानुसार लग्नानंतर मधलं नावही बदललं आहे. विचारेपर्यंत थांबू नका.

तुमची नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करून मागणं हा उपकार नाही, हक्क आहे. इथल्या डेटा संरक्षण कायद्यानुसार संस्थेनं माहिती अचूक ठेवायची असते, आणि दुरुस्तीच्या मागणीला साधारणपणे एका महिन्याच्या आत उत्तर द्यायचं असतं. भारतातही २०२३ च्या कायद्यात दुरुस्तीचा हक्क दिलेला आहे. तसंच वंश, धर्म, आरोग्य यांची माहिती इथल्या कायद्यानं विशेष जपायची मानली आहे. ती कशासाठी हवी आहे, हे बेलाशक विचारा.

आणि ज्या मंडळींच्या हातात अशी टेबलं तयार करायचं काम आहे (आपल्यात ती कमी नाहीत), त्यांना एका माजी शिक्षिकेची विनंती. ‘पूर्वीचं आडनाव’ असा एक रकाना ठेवून थांबू नका. ‘पूर्वीचं पूर्ण नाव’ ठेवा, तारखांसह, आणि एकाहून जास्त ओळी जोडता येतील असं करा. आमच्या घरी हे ऐकवून झालं आहे. त्या गिऱ्हाईकाच्या टेबलात आता ती सोय आहे. ते करणाऱ्याला त्या दिवशी दोन पुरणपोळ्या जास्त मिळाल्या.

ज्या शाळेत माझी जागा गेली, तिथल्या बाईंनी नंतर माझी नोंद नीट करून घेतली. पुढची जागा निघाली की पुन्हा अर्ज करणार आहे.

तोवर या दिवाळीत एक काम. फराळाचे डबे भरून झाले, पणत्या लागल्या, तिकडच्यांना व्हिडिओ कॉल केला, की फोन ठेवायच्या आधी आजीला, आईला, सासूबाईंना त्यांचं माहेरचं पूर्ण नाव विचारा आणि लिहून ठेवा. तारखेसह.