चित्र आयतं, मालक बेपत्ता

‘छायाचित्रे : इंटरनेटवरून साभार’ ही ओळ दिवाळी अंकांत इतक्या वेळा दिसते की तिच्यात काही खटकतं असं कुणाला वाटेनासं झालं आहे. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचे पैसे न देता ‘मंडईतून साभार’ म्हणून पिशवी उचलावी, तसाच हा प्रकार. गेल्या तीस वर्षांत चित्र सुधारण्याची आणि चित्र शोधण्याची अशी दोन्ही प्रकारची साधनं फुकटात आपल्या हाती आली. पहिली आपण चटकन आत्मसात केली, तीही बऱ्याचदा चोरीची. दुसरीचा उपयोग मात्र फक्त उचलेगिरीपुरता केला. हे चित्र काढलं कुणी, पहिल्यांदा छापलं कुठे, ते आपल्याला वापरता येतं का, हे त्याच साधनांनी दोन मिनिटांत कळू शकतं. ती दोन मिनिटं कुणी देत नाही, एवढीच माझी तक्रार.

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ची, थॉमस आणि जॉन नोल या भावांची. आपल्या गावोगावच्या डीटीपी सेंटरांत आणि फ्लेक्सच्या दुकानांत ती पोहोचली ती घासून घासून धूसर झालेल्या सीडीवरून. विकत कुणी घेत नव्हतं, त्यामुळे फुकट पर्याय शोधायची गरजही कुणाला भासली नाही. २०१३ मध्ये कंपनीने डबाबंद विक्री थांबवून वर्गणीचा मार्ग धरला. दरमहा पैसे मोजायची वेळ आली तेव्हा लोकांनी इकडे तिकडे पाहायला सुरुवात केली. तोवर गिंप जुना झालेला होता.

गिंपची जन्मकथा मजेदार आहे. १९९५ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी कंपायलरच्या अभ्यासक्रमातला एक प्रकल्प करत होते. तो फसला. वैतागून त्यांनी वेगळंच काहीतरी करायचं ठरवलं आणि चित्र-संपादनाचा प्रोग्राम लिहायला घेतला. १९९६ च्या सुरुवातीला तो लोकांपुढे आला. लिनक्सचं ते गुबगुबीत पेंग्विन लॅरी इविंगने त्याच वर्षी याच प्रोग्राममध्ये रंगवलं. पण या दोघांचं खरं देणं वेगळंच ठरलं. बटणं, खिडक्या, मेनू काढण्यासाठी जे तयार साहित्य तेव्हा मिळे ते मोकळं नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःचं साहित्य रचलं आणि त्याला जीटीके हे नाव दिलं. पुढे लिनक्सचा अख्खा ग्नोम डेस्कटॉप त्यावर उभा राहिला. लेकराच्या पाळण्यासाठी सुतारकाम शिकून माणसाने वाडा बांधावा, असं काहीसं.

मराठी माणसाचा या कहाणीशी संबंध येतो तो इथेच. जीटीकेच्या घरातच पँगो नावाची अक्षरं मांडणारी यंत्रणा वाढली, आणि २००४ च्या गिंप २.० पासून त्याचं टेक्स्ट टूल तिच्यावर चालू लागलं. देवनागरी लिहायला की-बोर्डवरचं अक्षर पडद्यावर उमटलं एवढं पुरत नाही. ‘कि’ मध्ये वेलांटी क नंतर टाइप होते पण दिसावी लागते क च्या आधी. ‘र्म’ मधला रफार उडी मारून म च्या डोक्यावर बसावा लागतो. ‘क्ष’ आणि ‘त्र’ यांना वेगळीच रूपं घ्यावी लागतात. हे सगळं कुणीतरी प्रोग्राममध्ये बसवावं लागतं. महागड्या सॉफ्टवेअरांनी बराच काळ ते बसवलं नाही, म्हणून आपले ऑपरेटर श्रीलिपीसारख्या जुन्या सांकेतिक फॉन्टांना चिकटून राहिले. मजकूर एकीकडे युनिकोडमध्ये टाइप करायचा, मग कन्व्हर्टरमधून काढायचा, मग त्यात फुटलेली जोडाक्षरं हाताने जुळवायची. फुकटच्या गिंपमध्ये त्या काळात युनिकोड मराठी सरळ उमटत होती. हे आपल्याकडे सांगायला कुणी नव्हतं, कारण फुकट वस्तूला जाहिरातीचं बजेट नसतं.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण तो मला फार आवडतो. मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीहून निराळं आहे. काही देवनागरी फॉन्टांत दोन्ही वळणं दडलेली असतात. गिंपच्या टेक्स्ट टूलमध्ये खाली भाषेचा रकाना आहे. तिथे मराठी निवडलं आणि फॉन्टमध्ये ती सोय असली की पडद्यावरचा ल आपलं रूप बदलतो, पाकळीचा होतो. वर्षानुवर्षं हिंदी ल छापत आलेल्या मंडळींनी एकदा हे करून पाहावं. अक्षरांची पंचाईतही आता उरलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्त आणि बलू हे देखणे फॉन्ट कुणालाही मोफत उतरवून घेता येतात.

गिंपचे दोष झाकायचं कारण नाही. २०१२ पर्यंत त्याच्या खिडक्या पडद्यावर विखुरलेल्या असत. अवजारं एकीकडे, लेयर दुसरीकडे, चित्र भलतीकडेच. नवखा माणूस तिथेच पळून जाई. २.१० आणि ३.० यांच्यात तर सात वर्षांचं अंतर पडलं, ३.० आली ती मार्च २०२५ मध्ये. तिच्यात फिल्टर लावल्यावरही मूळ चित्र शाबूत राहतं आणि अक्षरांना बाहेरून कड देता येते. आमदारसाहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्यांना ती कड लागतेच लागते. छपाईच्या चार रंगांत थेट काम करणं मात्र गिंपला अजून पूर्णपणे जमलेलं नाही, आणि प्रेसवाल्याशी गाठ असलेल्यांना हे खुपतं. त्यासाठी स्क्रायबस आहे. पानं लावण्याच्या या मोकळ्या प्रोग्राममध्ये देवनागरी नीट उमटू लागली ती २०१७ च्या १.५.३ आवृत्तीत, आणि त्यामागे होती ओमानमधली एक तुकडी. त्यांना हवी होती अरबी. अरबीसाठी बसवलेल्या यंत्रणेतून देवनागरीचंही काम झालं. एखाद्या मराठी संस्थेने हे आधी करायला हवं होतं, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

बाकीच्यांची धावती ओळख पुरे. रेषांच्या चित्रांसाठी, लोगो-निमंत्रणपत्रिकांसाठी इंकस्केप. हाताने रंगवणाऱ्यांसाठी कृता. ब्रश इतके सुरेख की चित्रकारांनी आधी हेच उघडावं. नुसते फोटो पाहायला आणि शंभर फोटो एका झटक्यात लहान करायला १९९६ पासून चालत आलेला इरफानव्ह्यू. आणि काहीही उतरवून घ्यायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी. इव्हान कुत्स्किर या एकट्या माणसाने ते उभं केलं, ते फोटोशॉपच्या फायली उघडतं, आणि आपलं चित्र आपल्या संगणकातून बाहेर जात नाही. जाहिराती दिसतात तेवढ्या सोसायच्या.

या साधनांची कसोटी लागते ती घरातल्या जुन्या फोटोवर. माझ्यापुढे एकदा एक लग्नाचा फोटो आला. भिंतीवर ओल धरलेली, काचेला चिकटून नवरीच्या शालूचा एक भाग उडालेला, चेहऱ्यावर पांढरे ठिपके. आधी ‘लेव्हल्स’मध्ये जायचं. तिथे डोंगरासारखा आलेख दिसतो. विटलेल्या फोटोत तो मधेच गोळा झालेला असतो, दोन्ही टोकं रिकामी. काळा आणि पांढरा त्रिकोण डोंगराच्या पायथ्यापर्यंत ओढला की करड्या धुक्यातून माणसं बाहेर येतात. ठिपक्यांसाठी ‘हील’ हे अवजार. शेजारची चांगली त्वचा दाखवायची, ते तिचा पोत घेतं पण उजेड मूळ जागेचा ठेवतं. ‘क्लोन’ मात्र डोळे झाकून जशीच्या तशी नक्कल करतो, म्हणून गालावर तो वापरला की ठिगळ दिसतं. शालूसारख्या मोठ्या भोकाला रीसिंथेसायझर नावाची जोडणी आहे; पॉल हॅरिसनने ऑस्ट्रेलियात पीएचडी करताना ती रचली. आजूबाजूचा पोत पाहून ती रिकामी जागा विणून काढते. फोटोशॉपमध्ये अशी सोय २०१० मध्ये आली. गिंपवाल्यांकडे ती त्याआधीच होती. जरीची नक्षी तिने छान भरली. पदराचा काठ मात्र वाकडा विणला, तो हातानेच सरळ करावा लागला.

आता शोधाकडे. गूगलचा चित्रशोध सुरू झाला जुलै २००१ मध्ये. त्याला निमित्त झाला जेनिफर लोपेझचा हिरवा पोशाख, असं कंपनीच्या एरिक श्मिट यांनीच पुढे लिहिलं. फेब्रुवारी २००० च्या ग्रॅमी समारंभानंतर तो पाहण्यासाठी लोक तुटून पडले, आणि दाखवायला होत्या नुसत्या निळ्या दुव्यांच्या ओळी. शब्द देऊन चित्र शोधणं तेव्हापासून अंगवळणी पडलं. उलटी वाट, म्हणजे चित्र देऊन त्याचा माग काढणं, टोरांटोच्या टिनआयने २००८ मध्ये उघडली. गूगल त्या वाटेला २०११ मध्ये लागलं.

या दोघांत फरक आहे आणि तो माहीत असलेला बरा. टिनआय चित्राचा ठसा घेऊन त्याच चित्राच्या प्रती शोधतं, मग त्या कापलेल्या असोत, रंग बदललेल्या असोत. चित्रात माणूस आहे की म्हैस, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गूगल लेन्स चित्रात काय आहे ते ओळखून त्याच्यासारखं दिसणारं पुढे करतं. पैठणी कुठली हे विचारायला लेन्स उत्तम. पुराचा फोटो यंदाचा की चार वर्षांपूर्वीचा, हे विचारायला टिनआय. तिथे निकाल ‘सर्वांत जुने’ या क्रमाने लावता येतात. मात्र त्यापुढची तारीख त्यांच्या यंत्राने चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हाची असते. फोटो काढला त्या दिवसाची ती नव्हे. ‘सर्वांत बदललेले’ हा क्रमही लावून पाहावा. फोटोत नंतर कोण घुसवलं, कोण कापलं, ते तिथे उघडं पडतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत कॅमेऱ्याने लिहिलेली वेळ आणि जागेची माहिती उरत नाही, वाटेतच गळते. अशा फोटोसाठी उलटा शोध हाच काय तो आधार. दोन्हीकडे काहीच न सापडण्याचा अर्थही आता बदलला आहे. पूर्वी तो फोटो नवा असावा असं मानता येई. आज तो यंत्राने नुकताच बनवलेला असण्याचीही शक्यता तेवढीच.

चित्राची ओळख चुकली की काय होतं, याचं मोठं उदाहरण आपल्याकडेच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र सर्रास छापलं जाई, ते इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी युरोपीय कागदपत्रं धुंडाळून महाराजांचं समकालीन चित्र शोधलं आणि १९३३ मध्ये ते पुढे आणलं. आज अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं महाराजांचं सतराव्या शतकातलं चित्र, गोवळकोंड्याच्या बाजूच्या चित्रकाराने काढलेलं, कुणीही घरबसल्या मोठ्या आकारात उतरवून घेऊ शकतो. संग्रहालयाने ते वापरायला खुलं ठेवलं आहे. तरीही अनेक मुखपृष्ठांवर छापलं जातं ते कुठल्या तरी वॉलपेपरवरून उचललेलं, चार वेळा लहानमोठं होऊन डाग पडलेलं चित्र.

खुल्या संग्रहांची आता वाण नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये पावणेचार लाखांच्या घरातली चित्रं मोकळी केली, स्मिथसोनियनने २०२० मध्ये अठ्ठावीस लाख. २००४ पासूनच्या विकिमीडिया कॉमन्सवर आपल्या गडकिल्ल्यांचे फोटो भरपूर आहेत. हौशी ट्रेकर मंडळींची ती कृपा. तिथला फोटो घेताना खालचा परवाना वाचावा. बहुतेक परवान्यांची मुख्य अट अशी असते : छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचं नाव छापा. कॉमन्सवर व्यावसायिक वापराला बंदी असलेली चित्रं घेतच नाहीत, त्यामुळे किंमत लावून विकल्या जाणाऱ्या, जाहिराती घेणाऱ्या अंकाला ती चालतात. फ्लिकरवर तसं नाही. तिथे ‘अव्यावसायिक’ अशी अट असलेला फोटो दिवाळी अंकाने घेऊ नये. पिक्साबे आणि अनस्प्लॅशवर नावही मागत नाहीत, पण मुंडावळ्या बांधलेली नवरी तिथे शोधायला गेलात तर फारसं काही हाती लागत नाही. होळी आणि ताजमहाल मात्र हवे तेवढे.

आणि जुन्या चित्रांचं काय? आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही तोच हिशेब लागतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. म. वि. धुरंधर १९४४ मध्ये गेले. २००५ पासून त्यांची चित्रंही कुणाला विचारल्याशिवाय छापता येतात. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं मात्र इंटरनेटवर कितीही सहज मिळाली तरी तशी उचलायची नाहीत. ते १९७१ मध्ये गेले. २०३१ संपेपर्यंत हक्कधारकांना पत्र पाठवावं लागेल. परवानगीशिवाय त्यांचं मुखपृष्ठ छापू शकणारा पहिला दिवाळी अंक २०३२ चा.