सरासरीत न मावणारा पाऊस

साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरला, पांझरेकाठी, जून ते सप्टेंबर या 122 दिवसांच्या पावसाची रोजची सरासरी काढली, तर नेमका तेवढाच पाऊस पडलेला दिवस क्वचितच सापडेल. बरेच दिवस कोरडे. पडला की मात्र कधी भुरभुर, कधी नाल्यांना पूर. म्हणून संख्याशास्त्रात इथे मिश्र वितरण वापरतात: एक हिस्सा शून्याचा, दुसरा ओल्या दिवसांचा, बहुधा गॅमा वितरणाचा. दोन्हींचे प्रमाण नोंदींवरूनच काढतात. 1894 मध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने नेपल्सच्या खेकड्यांच्या मापांत असेच दोन गट वेगळे केले होते. बाजरी पेरून बसलेल्या शेतकऱ्याला मात्र हंगामाच्या बेरजेपेक्षा सलग किती दिवस कोरडे जातील, हे कळणे जास्त मोलाचे. त्यासाठी आजच्या उघडिपीने उद्याच्या पावसाची शक्यता किती बदलते, हेही गणितात धरावे लागते.