शिकारी सुरी, मृगशृंगी मुठीची

शिकार केलेल्या प्राण्याचे कातडे सोलणे, मांस कापणे व रानातील इतर किरकोळ कामे करणे यांसाठी वापरावयाची, न मिटणाऱ्या पात्याची व हरणाच्या शाखायुक्त शिंगाची मूठ असलेली हातघडणीची सुरी. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत उत्तर अमेरिकेतील यूरोपीय वसाहतींची सरहद्द पश्चिमेकडे सरकत गेली. त्या काळातील शिकारी, सापळे लावून बीव्हर पकडणारे व नव्याने वसलेले शेतकरी यांच्या कमरेला अशी सुरी असे. त्या प्रदेशाच्या नावावरून या घडणीस ‘सरहद्दी’ घडण म्हणतात. पाते सामान्यतः १० ते १३ सेंमी. लांब व पाठीकडे ३ ते ५ मिमी. जाड असते. मुठीसह सुरीची एकूण लांबी २० ते २५ सेंमी. भरते.

इतिहास : सरहद्दीवरील बहुसंख्य सुऱ्या स्थानिक लोहारांनी घडविलेल्या नसून इंग्लंडमधील शेफील्ड येथून आलेल्या होत्या. बेंजामिन हंट्समन यांनी सु. १७४० मध्ये मुशीत पोलाद वितळविण्याची पद्धत प्रचारात आणल्यावर शेफील्डच्या पात्यांची प्रत सुधारली व पुढे त्या गावाने अमेरिकेची बाजारपेठ व्यापली. अमेरिकेत जॉन रसेल यांनी १८३४ मध्ये मॅसॅचूसेट्समधील ग्रीनफील्ड येथे सुऱ्यांचा कारखाना काढला. त्याच्या ‘ग्रीन रिव्हर’ या शिक्क्याच्या सुऱ्या पश्चिमेकडे लोकप्रिय झाल्या. हे नाव मॅसॅचूसेट्समधील नदीचे असून वायोमिंगमधील त्याच नावाच्या प्रसिद्ध नदीशी त्याचा संबंध नाही. रॉकी पर्वताच्या परिसरात १८२५ ते १८४० या काळात जवळजवळ दर उन्हाळ्यात व्यापारी व सापळेवाले यांचे मेळे भरत. तेथे सुऱ्यांच्या मोबदल्यात कातडी दिली जात.

या आयात सुऱ्यांच्या मुठी बहुधा लाकडी असत. मूठ फुटली किंवा झिजलेल्या कानशीपासून गावच्या लोहाराकडून नवे पाते करून घेतले, म्हणजे हाताशी असलेले हरणाचे शिंग मुठीसाठी उपयोगी पडे. मृगशृंगी मूठ ही अशा रीतीने प्रथम गरजेतून आलेली गोष्ट होती. तिला शोभेचे मोल पुढे आले. टेक्सासच्या लढ्यात १८३६ मध्ये ॲलमो येथे मारला गेलेला जेम्स बोवी याच्या नावाने ओळखली जाणारी मोठी सुरी हा वेगळा प्रकार आहे. मिसिसिपी नदीतील एका वाळूच्या बेटावर १८२७ मध्ये झालेल्या चकमकीमुळे ती प्रसिद्धीस आली. ती मुख्यतः लढाईची सुरी होय. शिकारी सुरी तिच्याहून लहान, पातळ व कामास सोईस्कर असते.

कारखान्यांच्या मालामुळे मागे पडलेली ही हस्तकला विसाव्या शतकात पुन्हा पुढे आली. मिशिगनमधील विल्यम स्केगल (मृ. १९६३) यांनी मृगशृंग व चामड्याच्या चकत्या यांच्या मुठी असलेल्या सुऱ्या घडविल्या. त्यांची एक सुरी पाहून फ्लॉरिडातील डब्ल्यू. डी. रँडल यांनी १९३० नंतरच्या दशकात हा व्यवसाय सुरू केला. पाते केवळ घासून न काढता ऐरणीवर घडविण्याची परंपरा टिकावी म्हणून विल्यम मोरन व त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही संस्था स्थापन केली. तिच्या परीक्षेत एकाच पात्याने टांगलेला दोर एका घावात तोडणे, लाकडी वासे तोडणे, त्यानंतरही त्याच धारेने केस काढून दाखविणे व अखेरीस ते पाते शेगड्यात धरून ९०° पर्यंत वाकविणे, अशा कसोट्या असतात. पाते कठीणही हवे आणि चिवटही हवे, ही या कारागिरीतील मूळ अडचण या कसोट्यांवरून स्पष्ट होते.

पोलादाची निवड : सुरीसाठी सु. ०·६ ते १ टक्का कार्बन असलेले पोलाद योग्य ठरते. कार्बन याहून कमी असल्यास धार टिकत नाही व फार अधिक असल्यास पाते ठिसूळ होण्याचा संभव असतो. जुन्या काळी झिजलेली कानस हे या पोलादाचे सहज मिळणारे साधन होते व आजही हौशी कारागीर ती वापरतात. तथापि काही स्वस्त कानशी फक्त पृष्ठभागी कठीण केलेल्या असतात. त्यामुळे कानशीचा लहान तुकडा तापवून, तेलात बुडवून व मोडून पाहतात. मोडीचे कण आतपर्यंत बारीक व एकसारखे दिसल्यास ती कानस उपयोगाची समजतात. कानशीचे दाते घडाईपूर्वी पूर्णपणे घासून काढणे आवश्यक असते. अन्यथा हातोड्याखाली ते दुमडून पात्यात राहतात व पुढे तेथूनच तडा जातो.

घडाई : कठीण कानस प्रथम लालभडक तापवून राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून सावकाश थंड होऊ देतात. या अनुशीतनामुळे ती मऊ होते व घासता येते. नंतर भट्टीत ती नारिंगी होईपर्यंत तापवून ऐरणीवर ठोकतात. तापमान सु. १,०५०° से.पेक्षा वर गेल्यास पोलादाचे कण मोठे होतात व ठिणग्या उडू लागल्यास ते जळून निकामी होते. लाली मंद झाल्यावर ठोकत राहिल्यास तडे जातात. प्रथम टोक, नंतर धारेचा उतार व शेवटी मुठीत शिरणारी अरुंद शेपटी घडवितात. धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती लांबते व पाते पाठीकडे वाकते. म्हणून अनुभवी लोहार पट्टी आधीच उलट दिशेस, म्हणजे धारेकडे, किंचित वाकवून घेतो व धार ठोकताना ती आपोआप सरळ होते. शेपटी व पाते यांच्या सांध्यात काटकोनी खाच न ठेवता गोलाई ठेवतात, कारण सुरी बहुधा अशा खाचेतूनच मोडते.

घडाईनंतर पाते दोनतीन वेळा लाल तापवून हवेत थंड करतात. त्यामुळे ठोकण्याने आलेले ताण निघून जातात व पोलादाचे कण पुन्हा बारीक होतात. मग कानशीने व सहाणेवर आकार पक्का करतात. मात्र धारेची कड सु. १ मिमी. जाड ठेवतात. ती फार पातळ केल्यास पाणी देताना पाते वाकते अथवा तडकते.

पाणी देणे : सुरीचा कस मुख्यतः या क्रियेवर अवलंबून असतो. पाते सु. ८००° से.पर्यंत तापविले म्हणजे त्यातील कार्बन लोखंडात विरघळून ऑस्टेनाइट ही संरचना तयार होते. लोखंड ७७०° से.ला आपले चुंबकत्व गमावते. त्यामुळे पाते चुंबकाला चिकटेनासे झाल्यावर थोडेसेच अधिक तापवावयाचे, ही भट्टीवरील सोपी खूण आहे. असे पाते ५० ते ६०° से. तापमानाच्या तेलात टोकाकडून सरळ बुडवितात. जलद थंड होण्यामुळे कार्बनाच्या अणूंना बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही व मार्टेन्साइट ही अतिशय कठीण संरचना निर्माण होते. कानस फिरविली असता ती न लागता घसरून गेली, तर पाणी बरोबर बसले असे समजतात. थंड पाणी वापरल्यास थंड होण्याचा वेग फार वाढतो व पाते तडकण्याचा धोका असतो.

या अवस्थेतील पाते काचेसारखे ठिसूळ असते व हातून पडल्यासही मोडू शकते. म्हणून ते लगेच सु. २०० ते २२०° से.ला, प्रत्येक वेळी सु. २ तास, असे दोनदा पुन्हा तापवितात. त्यामुळे थोडी कठिनता जाऊन चिवटपणा येतो व रॉकवेल ‘सी’ मापनानुसार सु. ५८ ते ६० कठिनता उरते. जुने लोहार हे तापमान रंगावरून ओळखीत. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर या तापमानाला गवती पिवळा रंग चढतो, तर सु. ३००° से.ला निळा रंग येतो. तापलेली लोखंडी कांब पात्याच्या पाठीला लावून पाठ निळी व धार पिवळी ठेवण्याची रीत होती. यामुळे पाठ चिवट राहते व धार कठीण राहते.

मृगशृंग व मूठ : गाईम्हशींची शिंगे केराटीन या द्रव्याची व पोकळ असतात आणि ती आयुष्यभर टिकतात. मृगशृंग मात्र खरे हाड असून ते दरवर्षी गळून पडते व नव्याने उगवते. त्यात सर्वसाधारण हाडापेक्षा खनिजांचे प्रमाण कमी व कोलॅजन या प्रथिनाचे प्रमाण अधिक असते. नर हरणांच्या झुंजीतील धक्के ते सहन करू शकते, याचे हे एक कारण आहे. मुठीसाठी लागणारा चिवटपणा व ओल्या हातातही न निसटणारा खडबडीत पृष्ठभाग हे दोन्ही गुण त्यात असतात. त्याचे बाहेरचे कवच घट्ट व आतील गाभा सच्छिद्र असतो. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचे हरीण, म्यूल हरीण व वापिती यांची शिंगे वापरतात. भारतातील सांबराच्या शिंगात गाभा कमी व कवच जाड असल्यामुळे यूरोप-अमेरिकेतील सुरीकारांची त्याला विशेष पसंती होती.

मुठीसाठी १० ते १२ सेंमी. लांबीचा, हातात बसेल असा बाक असलेला तुकडा करवतीने कापतात. गाभ्यात शेपटीच्या मापाचे भोक पाडून ते अरुंद कानशीने पात्याला जुळेल असे रुंद करतात. काही कारागीर शिंग पाण्यात उकळून गाभा मऊ झाल्यावर शेपटी आत दाबतात व वाळल्यावर ती घट्ट बसते. पूर्वी राळ, कोळशाची पूड व मेण यांचे मिश्रण गरम करून भोकात ओतीत. आता इपॉक्सी हा चिकटपदार्थ वापरतात. केवळ चिकटपदार्थावर विसंबून न राहता मूठ व शेपटी यांतून आरपार धातूची खीळ बसविणे अधिक सुरक्षित असते, कारण आर्द्रतेनुसार शिंग किंचित फुगते व आकसते. पात्याच्या बुंध्याशी पितळी पट्टी बसवितात किंवा शिंगावर खाचा कोरून त्यांत कथिलाची मिश्रधातू ओततात. पूर्वी या मिश्रधातूत शिसे असे; आता शिसेविरहित मिश्रधातू मिळते. शिंग घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. म्हणून ते ओले ठेवून व तोंडावर आच्छादन बांधून घासावे लागते.

धार व म्यान : मूठ बसविल्यावर पात्याला प्रत्येक बाजूस सु. २०° कोन ठेवून धार लावतात. म्यान वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या ३ ते ४ मिमी. जाडीच्या चामड्याचे करतात. धारेने टाके कापले जाऊ नयेत म्हणून शिवणीत चामड्याची अरुंद पट्टी घालतात. मैदानी प्रदेशातील मूळ अमेरिकन जमातींची म्याने साळिंदराचे काटे, काचमणी व पितळी खिळे यांनी सजविलेली असत. साध्या कार्बन पोलादावर गंज लवकर चढतो व चामडे ओल धरून ठेवते. म्हणून वापरानंतर पाते पुसून त्याला तेलाचा हात देतात आणि दीर्घकाळ ठेवावयाची सुरी म्यानात ठेवीत नाहीत.

कच्च्या मालाचा प्रश्न : मृगशृंग दरवर्षी गळत असल्याने ते मिळविण्यासाठी प्राणी मारावा लागत नाही. वायोमिंगमधील जॅक्सन येथे वापितींच्या संरक्षित क्षेत्रातील गळालेली शिंगे गोळा करून त्यांचा दरवर्षी जाहीर लिलाव होतो व उत्पन्नाचा बराचसा भाग त्या क्षेत्राच्या निगेसाठी खर्च होतो. मात्र गळालेले शिंग व शिकार करून काढलेले शिंग यांत सुरीच्या मुठीवरून भेद करणे जवळजवळ अशक्य असते. कायदेशीर व्यापाराच्या आडून चोरटी शिकार चालू शकते, हा यातील खरा धोका आहे. महाराष्ट्रात सांबरशिंग उगाळून दुखऱ्या भागावर लावण्याचा घरगुती उपचार जुना असून आयुर्वेदात शृंगभस्मही परिचित आहे. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील पुढील दुरुस्त्या यांनुसार भारतात सांबर व चितळ यांच्या शिंगांचा व्यापार निषिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची निर्यातही बंद झाली. परिणामी परदेशी सुरीकार अमेरिकन हरणांची शिंगे, गुरांची हाडे व शिंगासारखे दिसणारे कृत्रिम पदार्थ यांच्याकडे वळले आहेत. भारतीय कारागिराला शिसवीसारखे घट्ट लाकूड अथवा म्हशीचे शिंग हे मुठीसाठी योग्य पर्याय होत.